ख्रिस्ती धर्मात खतना का नाही? ‘गरज नाही’ आणि ‘चूक आहे’ यांतला फरक

मुलाच्या खतन्याचा विषय निघाला की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो. हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांना यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान असे तिघेही मानतात. बायबलमध्येही त्यांच्या खतन्याची हकीकत आहे. यहुदी खतना करतात, आपण करतो, मग ख्रिस्ती का करत नाहीत?

शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या कानावर हल्ली दुसराही एक प्रश्न पडतो. ज्या बाळाला काही कळत नाही, त्याच्या शरीरावर आई-बापांनी असं काही करणं योग्य आहे का? त्यावर कुणीतरी सांगून जातं की ‘ख्रिस्ती धर्मात तर हे पापच मानलं आहे.’

खरं काय आहे? पहिला प्रश्न जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे. दुसरा त्या मानाने अलीकडचा. ख्रिस्ती धर्माने खतना सोडला तो क्रूर वाटला म्हणून नव्हे, तर श्रद्धेसाठी तो आवश्यक नाही असं ठरलं म्हणून. हा फरक लक्षात आला की पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

(या लेखात ख्रिस्ती मतांबद्दल बोलताना मराठी बायबलमधली नावं वापरली आहेत. मराठी बायबलमध्ये खतन्याला ‘सुंता’ म्हणतात. लेख फक्त मुलांच्या खतन्याबद्दल आहे.)

सुरुवात तिघांची एकच

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो आणि त्या कराराची खूण म्हणून सुंता करायला सांगतो. मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता करायची, असा नियम तिथे आहे. त्या वेळी अब्राहाम ९९ वर्षांचे आणि इश्माएल, म्हणजे हजरत इस्माईल, १३ वर्षांचे होते असं त्यात सांगितलं आहे. आपल्याकडच्या सहीह हदीसमध्ये हजरत इब्राहीम यांचं वय ८० दिलं आहे. वयात फरक असला तरी सुन्नत कुणापासून सुरू झाली याबद्दल मतभेद नाही.

आठव्या दिवसाचा हा नियम आपल्या कोकणातही शेकडो वर्षं पाळला गेला. रायगडच्या गावांमध्ये तेलाच्या घाण्यावर काम करणारे बेने इस्राएल यहुदी शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. बाहेरच्या यहुदी जगाशी त्यांचा संपर्क तुटला होता. तरी शनिवारची सुट्टी आणि आठव्या दिवसाची सुंता या दोन गोष्टी या मराठी बोलणाऱ्या समाजाने सोडल्या नाहीत.

येशूंचाही खतना झाला होता

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. लूकच्या शुभवर्तमानात स्पष्ट नोंद आहे की जन्मानंतर आठव्या दिवशी येशूंची (हजरत ईसा अलैहिस्सलाम) सुंता झाली आणि तेव्हाच त्यांचं नाव ठेवलं गेलं. त्याच पुस्तकात बाप्तिस्मा करणारा योहान, म्हणजे हजरत याह्या, यांच्याही आठव्या दिवसाच्या सुंतेचा उल्लेख आहे.

२५ डिसेंबरपासून आठवा दिवस मोजला की १ जानेवारी येतो. म्हणून कित्येक शतकं चर्चमध्ये १ जानेवारी हा ‘प्रभूच्या सुंतेचा सण’ होता. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो आजही आहे. इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेतही हा दिवस येशूंच्या नामकरणाचा आणि सुंतेचा म्हणून टिकून आहे. कॅथलिक चर्चने मात्र १९६०च्या दशकात दिनदर्शिका बदलली. त्यामुळे वसई-मुंबई-गोव्याच्या कॅथलिक चर्चमध्ये आता १ जानेवारीला देवमाता मरियेचा सण असतो.

येशूंची सुंता हा चर्चसाठी इतका मोठा सण होता. तेव्हा सुंता मुळातच घाण किंवा दुष्ट गोष्ट आहे असं म्हणणं कुठल्याही चर्चला परवडणारं नाही.

जेरुसलेमची बैठक: खरा निर्णय इथे झाला

येशूंचे सुरुवातीचे सगळे अनुयायी यहुदी होते आणि त्यांचा खतना झालेलाच होता. पुढे ग्रीक आणि रोमन लोक या श्रद्धेत येऊ लागले तेव्हा वाद पेटला. या मोठ्या वयाच्या पुरुषांनी आधी खतना करून घ्यायचा का? काही जण म्हणत होते, हो, नाहीतर तारण नाही.

हा वाद मिटवायला साधारण इ.स. ४९-५०च्या सुमारास जेरुसलेममध्ये बैठक झाली. तिची हकीकत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आहे. पेत्र, याकोब, पौल आणि बर्णबा हे सगळे तिथे होते. निर्णय असा झाला की बाहेरून आलेल्या लोकांवर सुंतेचं ओझं टाकायचं नाही. मात्र मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार या चार गोष्टींपासून त्यांनी दूर राहावं. आपल्या वाचकांना ही यादी ओळखीची वाटेल.

पौल यांनी हा निर्णय पत्रांमधून समजावून सांगितला. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा मुद्दा असा की अब्राहामाचा विश्वास देवाने कबूल केला तो सुंतेच्या आधीच. म्हणजे नातं श्रद्धेमुळे जुळतं, खूण नंतर येते. गलतीकरांच्या पत्रात त्यांची भाषा फार कडक आहे. सुंतेवाचून तारण नाही असं समजून कुणी ती करून घेत असेल, तर ख्रिस्तावरच्या विश्वासाला अर्थच उरत नाही, असं ते बजावतात. कलस्सैकरांच्या पत्रात बाप्तिस्म्याला ते सुंतेच्या जागी आलेली खूण मानतात.

आणि तरीही याच पौलांनी तीमथ्य नावाच्या तरुण सहकाऱ्याची सुंता करवून घेतली. तीमथ्याची आई यहुदी होती, बाप ग्रीक. यहुदी लोकांमध्ये काम करताना अडचण येऊ नये म्हणून हे केलं. तीत नावाच्या ग्रीक सहकाऱ्यावर मात्र सुंतेची सक्ती करू दिली नाही. स्वतः पौलांची सुंता आठव्या दिवशी झाली होती आणि फिलिप्पैकरांच्या पत्रात ते तसं सांगतात. करिंथकरांना ते म्हणतात की सुंता होणं किंवा न होणं यात काही विशेष नाही, देवाच्या आज्ञा पाळणं महत्त्वाचं.

या सगळ्या वादात बाळाला होणारी वेदना, त्याची संमती, शरीरावरचा त्याचा हक्क यांचा उल्लेख कुठेच नाही. प्रश्न एकच होता: तारणासाठी हे लागतं का? उत्तर आलं, नाही.

‘गरज नाही’पासून ‘मनाई’पर्यंत

पुढच्या शतकांत हे मत आणखी घट्ट होत गेलं. तेराव्या शतकातले मोठे कॅथलिक विद्वान थॉमस अक्विनास यांनी मांडलं की सुंता आपल्या काळी पवित्र होती, ती बाप्तिस्म्याची पूर्वतयारी होती. पण येशूंच्या शिकवणीनंतर धार्मिक विधी म्हणून ती चालू ठेवणं हे पाप ठरेल. म्हणजे पाप शरीराला धक्का लागला म्हणून नाही, तर जुनी खूण धरून ठेवणं म्हणजे नवी श्रद्धा नाकारणं, म्हणून.

फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत पोप यूजीन चौथे यांनी ४ फेब्रुवारी १४४२ रोजी एक आदेश काढला. ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्म्याच्या आधी किंवा नंतर सुंता करू नये, तारणाची आशा तिच्यावर ठेवलेली असो वा नसो, असं त्यात बजावलं होतं. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्त्यांशी एकी करण्यासाठी हा आदेश होता. ती एकी टिकली नाही आणि कॉप्टिक लोकांनी खतनाही सोडला नाही.

या मनाईची काळी बाजू स्पेन-पोर्तुगालमध्ये दिसली. तिथे जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुदी आणि मुसलमान कुटुंबांवर इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, नजर असे. मुलाचा खतना झालेला आढळला की घरात गुपचूप जुना धर्म पाळला जातो याचा तो पुरावा धरला जाई. १५६०मध्ये हेच धर्मन्यायालय गोव्यात आलं आणि पोर्तुगालहून आलेली यहुदी वंशाची ‘नवख्रिस्ती’ कुटुंबं त्याच्या पहिल्या निशाण्यांपैकी होती. बाळाच्या भल्यासाठी नव्हे, तर माणसं हुडकून काढण्यासाठी खुणेचा असा वापर झाला.

खतना करणारे ख्रिस्ती

‘ख्रिस्ती लोक खतना करत नाहीत’ हे वाक्य सरसकट खरं नाही.

इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्त्यांमध्ये मुलांचा खतना ही जुनी रूढी आहे. तो बाप्तिस्म्याच्या आधी व्हावा, नंतर नको, असा त्यांचा संकेत आहे.

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आठव्या दिवशी खतना करतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि जेझुइट पाद्री तिथे पोचले आणि ‘तुम्ही तर यहुदी चाली पाळता’ असा ठपका ठेवू लागले. त्याला तिथला राजा गलावदेवोस याने १५५५मध्ये लेखी उत्तर दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पौलांनी काय लिहिलं ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही हे मूसाच्या कायद्यासाठी करत नाही. ही आमच्या मुलखाची चाल आहे, जशी इथिओपिया आणि नुबियात चेहऱ्यावर खुणा करण्याची चाल, किंवा हिंदुस्थानातल्या लोकांमध्ये कान टोचण्याची.

आपल्याकडचं कान टोचणं असं पावणेपाचशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका ख्रिस्ती राजाच्या युक्तिवादात जाऊन बसलं! त्यातला प्रश्न आजही तसाच आहे. धर्माची सक्ती नसेल आणि समाजाची रीत असेल, तर शरीरावरची खूण चालते का? राजाचं उत्तर होतं, चालते.

फिलिपिन्स हा आशियातला मोठा कॅथलिक देश. तिथे खतन्याला ‘तुली’ म्हणतात आणि बहुतेक मुलांचा तो होतो, साधारण आठ ते बारा वर्षांच्या वयात, शाळेच्या उन्हाळी सुट्टीत. चर्चचा तो विधी नाही, पण चर्चमध्ये जाणारीच कुटुंबं तो करतात.

अमेरिकेतला वेगळा मार्ग

अमेरिकेत खतना पसरला तो धर्माच्या नव्हे, डॉक्टरांच्या दारातून. तरी त्यात ख्रिस्ती नीतीचा एक धागा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही डॉक्टरांना वाटे की खतन्यामुळे मुलांच्या ‘वाईट सवयी’ सुटतात. कॉर्नफ्लेक्समुळे नाव झालेले डॉ. जॉन हार्वे केलॉग हे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथात वाढलेले डॉक्टर. त्यांनी आपल्या पुस्तकात असा सल्ला दिला होता की भूल न देता खतना करावा, म्हणजे होणाऱ्या दुखण्याचा मुलाच्या मनावर शिक्षेसारखा परिणाम होईल. आज हे वाचवत नाही. अमेरिकेतले खतनाविरोधी ख्रिस्ती गट या इतिहासाकडे बोट दाखवतात, आणि त्यांची चीड समजण्यासारखी आहे.

आजचा नैतिक वाद: चार मुद्दे

*शरीराची अखंडता.* कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातलं २२९७ क्रमांकाचं कलम सांगतं की उपचाराचं कारण असल्याशिवाय निरपराध माणसाचा अवयव कापणं किंवा त्याला विद्रूप करणं नीतीला धरून नाही. काही कॅथलिक अभ्यासक म्हणतात, हे बाळाच्या खतन्यालाही लागू होतं. दुसरे म्हणतात, या कलमात खतन्याचं नावही नाही, आणि थोडी कातडी काढल्याने अवयवाचं काम बंद पडत नाही, तेव्हा ही तुलना ओढूनताणून आहे. यावर शेवटचा शब्द म्हणावा असा निर्णय व्हॅटिकनने दिलेला नाही.

*संमती.* बाळ ‘हो’ म्हणू शकत नाही, हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा. पण बहुतेक चर्च तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, तेव्हाही त्याला विचारत नाहीत. सोळाव्या शतकात जॉन कॅल्विन यांनी बालबाप्तिस्म्याचं समर्थन करताना सुंतेचाच दाखला दिला: देवाने आठ दिवसांच्या मुलाला करारात घेतलं, मग आपण बाळाला का नाकारायचं? त्यामुळे ‘मुलाला विचारल्याशिवाय धर्मात घेऊ नये’ असं या चर्चना म्हणता येत नाही. बॅप्टिस्टांसारखे जे पंथ बालबाप्तिस्माच मानत नाहीत, त्यांना ते म्हणता येतं. बाकीच्यांकडे एकच फरक उरतो: पाण्याची खूण पुसली जाते, कातडीची राहते. हा फरक खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये.

*पालकांचा अधिकार.* चर्चच्या शिकवणीत मुलाला आपल्या श्रद्धेत वाढवणं हा आई-बापांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. हा हक्क ख्रिस्ती पालकांना असेल तर यहुदी आणि मुसलमान पालकांनाही असला पाहिजे, हे ओघानेच येतं.

*वैद्यकीय फायदा-तोटा.* यावर डॉक्टरांच्या संघटनांतच एकमत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२मध्ये म्हटलं की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सगळ्या बाळांना सरसकट सुचवण्याइतके नाहीत. निर्णय पालकांनी घ्यावा. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१०मध्ये उलट मत दिलं की वैद्यकीय कारणाशिवाय खतना टाळावा. कायद्याने बंदी मात्र तिनेही मागितली नाही. लोक लपूनछपून करतील, ही भीती. एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या आफ्रिकी देशांत जागतिक आरोग्य संघटनेने २००७पासून पुरुषांच्या ऐच्छिक खतन्याची शिफारस केली, कारण स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण त्याने सुमारे ६० टक्क्यांनी कमी होते असं दिसलं. तिथे अनेक ख्रिस्ती पुरुषांनी तो करून घेतला.

कोलोन आणि आइसलँड: चर्च कुणाच्या बाजूने उभं राहिलं?

जर्मनीतल्या कोलोन शहरात एका चार वर्षांच्या मुसलमान मुलाचा खतना डॉक्टरने केला. दोन दिवसांनी रक्तस्राव झाला आणि मुलाला इस्पितळात न्यावं लागलं. खटला झाला. ७ मे २०१२ रोजी न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष सोडलं, पण धार्मिक कारणाने केलेला खतना ही शरीराला केलेली बेकायदा इजा आहे, असं म्हटलं. यहुदी आणि मुसलमान समाज हादरून गेले.

त्या वेळी जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी आणि प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळाने या निकालावर जाहीर टीका केली. त्यांच्या धर्मात खतना नाही, तरी आई-बापांचा हक्क आणि धर्मस्वातंत्र्य यांची बाजू त्यांनी घेतली. १२ डिसेंबर २०१२ रोजी जर्मन संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी कायदा केला. पालकांच्या संमतीने, वैद्यकीय नियमांप्रमाणे आणि वेदनेची काळजी घेऊन केलेला खतना कायदेशीर ठरला.

२०१८मध्ये आइसलँडच्या संसदेत वैद्यकीय कारणाशिवाय खतना करणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत कैद, असं विधेयक आलं. तिथल्या लुथरन चर्चच्या बिशप अग्नेस सिगुर्दर्दोत्तिर यांनी इशारा दिला की यामुळे यहुदी आणि इस्लाम हे धर्मच गुन्हेगार ठरतील. युरोपातल्या कॅथलिक बिशपांच्या वतीने कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनीही विरोध नोंदवला. विधेयक पुढे गेलं नाही.

सगळे ख्रिस्ती असंच मानतात असं नाही. वैयक्तिक पातळीवर खतन्याला कडाडून विरोध करणारे ख्रिस्ती युरोप-अमेरिकेत आहेत. पण या दोन्ही प्रसंगी मोठ्या चर्चची भूमिका ‘आम्हाला गरज नाही, पण शेजाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका’ अशी होती. भारतात मुलांच्या खतन्यावर बंदी नाही. तशी मागणी करणारी याचिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये फेटाळली.

आपल्या घरासाठी यातून काय घ्यायचं?

मुलाने विचारलं तर सरळ सांगावं: ख्रिस्ती लोक हजरत इब्राहीम यांना मानतात, पण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे सुंतेची जागा बाप्तिस्म्याने घेतली. ते आपल्याला वाईट म्हणत नाहीत आणि आपणही त्यांना कमी लेखायचं कारण नाही.

आपल्याकडेही सगळ्यांचं मत अगदी एक नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत आणि त्या मसलकमध्ये खतना वाजिब आहे. हनफी मसलकमध्ये तो सुन्नत आहे. वयाचं बंधन मात्र घट्ट नाही. म्हणजे बाळ अशक्त असेल, कावीळ असेल, तर थांबायला दीनची आडकाठी नाही.

आणि जो प्रश्न विरोधक विचारतात, त्यातला वेदनेचा भाग आपलाच समजून घ्यावा. कोलोनचं प्रकरण उभं राहिलं ते रक्तस्रावावरून. घरात कुणाला जखमेतून रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर डॉक्टरला आधी सांगा. लघवीचं छिद्र जन्मतः टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर खतना करू नका. ते दुरुस्त करण्याच्या ऑपरेशनला हीच कातडी लागते. भूल द्यायला लावा, हत्यारं निर्जंतुक आहेत का ते विचारा, आणि ‘आमच्या वेळी तर असंच करायचे’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना अदबीने समजवा.

खतना करायचा की नाही, हा आपल्या दीनचा विषय आहे. तो करताना बाळाला कमीत कमी त्रास व्हावा, यावर मशिदीत आणि चर्चमध्ये दोन मतं असायचं कारण नाही.